लीड्सचे मिस्टर प्रेस्टविच

विल्फ्रेड होल्रॉइडला जाऊन अकरा वर्षं होत आली होती, तरी रविवारच्या जेवणाला तो सगळ्यांच्या आधी टेबलावर हजर असायचा. ताटांखालच्या चटयांवर त्याची मेंढरं, चहाच्या ट्रेवर त्याची मेंढरं, आणि भिंतींवर तर विचारूच नका. धुक्यातली, बर्फातली, तिन्हीसांजेची, लोकर वाढलेली आणि नुकतीच कातरलेली. माळरान रंगवावं तर विल्फनं, असं अख्खं हॅलिफॅक्स म्हणायचं. बिस्किटांच्या डब्यांवर बसून ती मेंढरं देशभर चरून आली होती. या खोलीत हेस्टरचं मात्र एकही चित्र नव्हतं. चौकोनांकडं बघत जेवलं की अन्न पचत नाही, असं विल्फ लग्नानंतर लगेचच गमतीनं म्हणाला होता, आणि पुढं कुणी तो विषय काढलाच नाही.

आजचा रविवार हेस्टरचा होता, निदान म्हणायला तरी. लंडनच्या एका मोठ्या चित्रसंग्रहालयानं ब्याऐंशीव्या वर्षी तिला शोधून काढलं होतं. शोधून काढलं हा त्यांचाच शब्द. हेस्टर याच घरात, याच माडीवर, उत्तरेच्या खिडकीशी उभी राहून पट्टी आणि पेन्सिल घेऊन जन्मभर रेघा मारत होती. ती काही हरवली नव्हती. पण येत्या मे महिन्यात तिचं आयुष्यभराचं काम तिथं मांडलं जाणार होतं, खोल्याच्या खोल्या भरून, आणि त्यासाठी मिस इमोजेन फॅरंट नावाची बाई आज जेवायला आली होती. बाई तरुण, नखशिखांत काळ्या कपड्यांत. आल्याआल्या तिनं भिंतीवरच्या मेंढरांकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली, परक्याच्या घरात वाळत घातलेले आतले कपडे दिसावेत तशी.

टेबलाभोवती बाकी घरचेच होते. माल्कम हॅरोगेटहून नवी गाडी घेऊन आला होता. बापाच्या मेंढरांची कॅलेंडरं, ट्रे आणि भांडी पुसायची फडकी विकायचा त्याचा धंदा होता, आणि त्याला तो 'वडिलांचा वारसा' म्हणायचा. ग्वेंडा शाळेची मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच, वेळेआधी निवृत्त झाली होती, पण शाळा तिच्यातून निवृत्त झाली नव्हती. कोकराची तंगडी भट्टीतून कधी काढायची इथपासून आईनं कोणता स्वेटर घालायचा इथपर्यंत सगळ्याचा ताबा तिनं सकाळीच घेतला होता. आणि समोरच्या घरात राहणारी एडना, विल्फची थोरली बहीण, हेस्टरची नणंद. वय पंच्याऐंशी. तिला ऐकू कमी येत असे, पण काय ऐकू येऊ द्यायचं ते तीच ठरवायची.

हेस्टर सगळ्यांकडं बघत होती. तिला आज या सगळ्यांकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती यांच्यातल्या कुणाकडं नव्हतीच. तिला चौथा फलक हवा होता. आणि खरं सांगायचं तर फलकापेक्षाही, तो विकत घेणारा माणूस हवा होता.

तिच्या अख्ख्या कारकिर्दीची गोष्ट सांगायला फार वेळ लागत नसे. बाप गालिच्यांच्या गिरणीत नक्षी आखायचा, बारीक चौकटींच्या कागदावर एकेका टाक्याला एकेक चौकोन रंगवत. त्याच्या शेजारी स्टुलावर बसून पोरीनं चौकोन भरले, तो तिचा श्रीगणेशा. मग लीड्सची कलाशाळा, तिथं विल्फ भेटला. मग लग्न, दोन पोरं, आणि माडीवरची खोली. एकदा लंडनच्या एका गटानं तिची दोन चित्रं लावली, तर पेपरवाल्यानं लिहिलं की मिसेस विल्फ्रेड होल्रॉइड यांनी डोळ्यांना बरं वाटेल असं, फरशीवर अंथरायचं लिनोलियम पाठवलं आहे. ते कात्रण विल्फनं फ्रेम करून संडासात लावलं. तो स्वभावानं वाईट नव्हता. त्याला ते खरोखरच मजेशीर वाटलं होतं.

मग बासष्ट साली तिनं सहा फलक करायला घेतले. प्रत्येक माणसापेक्षा उंच, हार्डबोर्डवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या पातळ फळीवर रंगवलेला, उभा. नाव ठेवलं होतं 'उत्तरेच्या उजेडासाठी सहा'. करडे, पांढरे, मोहरीच्या रंगाचे पट्टे, आणि चौथ्या फलकात एकच अरुंद लाल पट्टी, वरपासून खालपर्यंत. त्या लालनं तिचा जीव खाल्ला. आठवड्यामागून आठवडे ती त्याच्यासमोर उभी राहिली. स्वयंपाक करपला, पोरांनी पाव आणि जॅम खाऊन दिवस काढले. शेवटी एका संध्याकाळी तिनं ठरवलं की हा लाल खोटा आहे, ओरडतोय नुसता, उद्या घासून काढायचा. ती रात्रशाळेत शिकवायला गेली, परत आली, तर फलक जागेवर नव्हता आणि विल्फ दारात हसत उभा होता. विकला, म्हणाला. लीड्सचे एक लोकरीचे व्यापारी, मिस्टर प्रेस्टविच, मेंढरं बघायला आले होते. जिन्यावरून त्यांना हा दिसला. तिथंच थबकले. मग म्हणाले, त्या लाल पट्टीनं माझे पाय अडवले. गाडीत घालून घेऊनच गेले.

पुढची पंचवीस वर्षं हेस्टरचं दुसरं चित्र विकलं गेलं नाही. पण तिला त्याची गरजही वाटली नाही. लीड्समध्ये एक माणूस होता. रोज सकाळी न्याहारीच्या अंड्याचं टोक फोडायच्या आधी तो तिच्या लालकडं बघत असणार, एवढं तिला पुरे होतं. लाल बरोबर होता तर. मग तिनं तोच लाल धरला. त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात तो कुठं ना कुठं आला, आणि आता पेपरवाले त्याला 'होल्रॉइड लाल' म्हणू लागले होते. माडीवर एकटी उभी असताना, एखादी रेघ घालू की नको असं झालं, की ती मनातल्या मनात मिस्टर प्रेस्टविचना विचारायची. विल्फला तिनं कधी काही विचारलं नाही.

तर आता मैद्याची फुगीर यॉर्कशायर पुडिंगं वाढून झाली, वर ग्रेव्ही पडली, आणि माल्कमनं घसा साफ केला. प्रदर्शनाच्या पुस्तकासाठी त्यानं लेख लिहिला होता. मिस फॅरंटनं तो मागितला नव्हता. पण सहांपैकी दोन फलक माल्कमच्या ताब्यात होते, आईकडून त्यानं ते 'नीट राहावेत म्हणून' नेले होते, आणि लेख छापला तर फलक येतील हे त्यानं अगदी सभ्य शब्दांत कळवलं होतं.

लेखाचं नाव होतं 'माळरानाच्या सावलीत'. त्यात असं होतं की हेस्टर होल्रॉइड यांचे चौकोन म्हणजे मुळात विल्फ्रेड होल्रॉइड यांची माळरानंच. दगडी बांधांनी आखलेली शेतं बाबांनी जशी दिसली तशी काढली, आणि आईनं त्यांच्याकडं बघून ती सोपी केली. बाबांनी तिला माडीवर जागा करून दिली, धीर दिला, पहिलं गिऱ्हाईकही त्यांनीच मिळवून दिलं. हेस्टर ऐकत होती. माळरानावर ती उभ्या आयुष्यात हौसेनं कधी गेली नव्हती, तिथल्या वाऱ्यानं तिचे कान दुखायचे.

"फार सुंदर लिहिलंयस," ग्वेंडा म्हणाली. आईकडं न बघता म्हणाली. गेल्या आठवड्यात तिनंच फोन करून हेस्टरला बजावलं होतं की, आई, होऊ दे त्याच्या मनासारखं, घरात तंटा नको, दोन पानं तर आहेत. भाऊ आणि बहीण वडिलांच्या मृत्युपत्रावरून दहा वर्षं बोलत नव्हते. आता कुठं बोलायला लागले होते, आणि एकत्र येऊन आईला समजूतदारपणा शिकवण्यात दोघांनाही गोडी वाटत होती.

मिस फॅरंटनं तोंड पुसलं. लेख खूपच जिव्हाळ्याचा आहे, असं ती म्हणाली, आणि लगेच कामाकडं वळली. पाच फलक मिळाले. चौथ्यासाठी तिनं लीड्स पालथं घातलं होतं. लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या संघटनेत विचारलं, चर्चमध्ये विचारलं, पेपरात जाहिरात दिली. बासष्ट साली लीड्समध्ये प्रेस्टविच नावाचा लोकरीचा व्यापारी कुणी नव्हताच.

"बहुतेक ब्रॅडफर्डचे असतील," माल्कम म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला. "आणि मी लेखात 'खासगी संग्रह, लीड्स' असं घातलंय. तेवढं पुरे. लोकांना आवडत नाही, आपलं नाव बाहेर आलेलं."

"ते मेले असतील तर त्यांची मुलं असतील," हेस्टर म्हणाली. जेवायला बसल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. "मला ते भिंतीवर सहाच्या सहा एकदा बघायचेत. आणि त्यांच्या घरच्या कुणाला तरी भेटायचंय. एवढंच हवंय मला. बाकी प्रदर्शन तुम्ही कसं करायचं ते करा."

"आई, आपण शोधतोय ना," ग्वेंडा म्हणाली. "खा आधी. गार होतंय."

एडनानं पुदिन्याच्या चटणीचं भांडं आपल्याकडं ओढलं. चमचाभर वाढून घेतली, चाखली, आणखी थोडी घेतली.

"कोण, तो चौथा?" ती म्हणाली. "तो कुठं गेलाय? तुझ्या पाठीमागं आहे की तो."

हेस्टरनं मागं वळून पाहिलं. मागं स्वयंपाकघराचं दार होतं. सायीच्या रंगाचा ऑइलपेंट मारलेलं, सपाट, वर एक पितळी मूठ.

त्या काळी साऱ्या इंग्लंडला सपाट दारांचं वेड लागलं होतं. टीव्हीवर कुणीतरी दाखवलं की आजोबांच्या काळच्या नक्षीदार, चौकटी-चौकटींच्या दारावर धूळ साठते, तेव्हा वरून हार्डबोर्ड ठोका, रंग मारा, झालं आधुनिक घर. गल्लीतल्या प्रत्येक नवऱ्यानं त्या वर्षी एक ना एक दार ठोकलं होतं, आणि आता त्यांची नातवंडं तेच हार्डबोर्ड उचकटून खालचं लाकूड शोधत होती. एडना सांगत होती ते एवढंच. विल्फला दार करायचं होतं, दुकानात जायचा कंटाळा आला होता, आणि माडीवर अगदी दाराच्या मापाचा बोर्ड उभा होता, ज्याच्यासमोर बायको महिनाभर खुळ्यासारखी बघत बसली होती. रंगवलेली बाजू त्यानं आत घातली, म्हणजे ओळखू नको यायला.

"म्हणून तर ते दार कधी गुळगुळीत झालं नाही," एडना म्हणाली. "बोर्डाची खरखरीत बाजू बाहेर आली ना. पाच हात मारले त्यानं रंगाचे. इतरांची दारं बघ, कशी आरशासारखी."

असल्या घरात छप्पर कोसळलं तरी आधी कुणीतरी ग्रेव्हीचं भांडं पुढं सरकवतं. ते या वेळी मिस फॅरंटनं सरकवलं. कुणी घेतलं नाही.

"आणि प्रेस्टविच?" हेस्टरनं विचारलं.

"तो आमच्या लहानपणीच्या गावचा खाटीक. विल्फला ऐन वेळी दुसरं नाव सुचलं नाही."

"पैसे दिले होते मला त्यानं."

"त्याचेच. मेंढरांचं एक मोठं चित्र गेलं होतं त्याचं." एडनाचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "हे बघ हेस्टर, तू तेव्हा वेड लागल्यासारखी झाली होतीस. पोरं उपाशी. तो मला म्हणाला, विकलं गेलं म्हटलं की ती सुटेल यातून. आणि सुटलीस की. दुसऱ्या दिवशी गाणं म्हणत पाचवा करायला घेतलास. त्याला वाटलं, आपण केवढं चांगलं काम केलं."

लाल पट्टीनं पाय अडवले, हे वाक्यही मग विल्फचंच. हेस्टरला ते त्याक्षणी स्वच्छ ऐकू आलं, त्याच्या आवाजात, दारात उभं राहून म्हटलेलं. तिला लालची काळजी आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणजे तेवढं तरी तो बघत होता. आणि आपण चौतीस वर्षं ज्याच्याशी बोललो, ज्याला विचारून रेघा मारल्या, तो कुणीच नव्हता. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो इतका जुना आणि इतका पुरता होता की तिला बसल्याजागी हातापायांत ऊब आल्यासारखं वाटलं.

तिकडं ग्वेंडा भावाकडं बघत होती. शाळेत खिडकी फोडणाऱ्या मुलांकडं ती असंच बघत असणार.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

माल्कमनं आधी नाही म्हटलं, मग तसं म्हणता येणार नाही म्हटलं. बाबांनी शेवटच्या आजारात सांगितलं होतं. मग ग्वेंडानं विचारलं की तरी लेखात 'खासगी संग्रह, लीड्स' लिहिलंस, आणि वर मला आईची समजूत घालायला लावलंस. माल्कम म्हणाला, दार खासगीच आहे. ते त्याला म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. त्यावर ग्वेंडानं मृत्युपत्रापासून सुरुवात केली आणि आईच्या त्या दोन फलकांवर आली, जे 'नीट राहावेत म्हणून' माल्कमच्या गाडीच्या शेडमध्ये लॉनच्या यंत्रामागं उभे होते. तासाभरापूर्वी सुंदर असलेला लेख आता निर्लज्जपणा झाला होता.

माल्कम तरीही धंदेवाला माणूस. त्यानं दोन मिनिटांत स्वतःला सावरलं. उलट पाहिलं तर हे फारच हृद्य आहे, तो मिस फॅरंटला म्हणाला. नवऱ्यानं बायकोचं चित्र घराच्या मधोमध जपून ठेवलं. लेखात तसा एक परिच्छेद वाढवता येईल.

"खिळे ठोकून जपलं," ग्वेंडा म्हणाली.

मिस फॅरंटचं कुणाच्याच भांडणाकडं लक्ष नव्हतं. ती उठून दारापाशी गेली होती आणि त्याला हात न लावता वरपासून खालपर्यंत बघत होती, आजारी माणसाजवळ उभं राहावं तशी. चौतीस वर्षं उजेड नाही, ती म्हणाली. बाकीच्या पाचांचे रंग उतरलेत, हा मात्र जसाच्या तसा असेल. उद्या सकाळी लंडनहून तज्ज्ञ येतील, फोटो काढतील, एकेक खिळा सोडवतील. तोवर कृपा करून कुणी हात लावू नका.

हेस्टर तिच्या शेजारून स्वयंपाकघरात गेली आणि विल्फच्या अवजारांच्या पेटीतून पकड आणि पटाशी घेऊन आली.

"मिसेस होल्रॉइड, प्लीज. तुम्ही समजून घ्या, हा आता संग्रहालयाच्या दृष्टीनं—"

"हे माझ्या घरचं दार आहे," हेस्टर म्हणाली. "आणि चित्र माझं आहे. बाजूला हो बाळ."

पटाशी कडेत घातली तेव्हा सायीचा रंग कपच्या कपच्यांनी गालिच्यावर पडला. ब्याऐंशी वर्षांचे हात असले तरी जन्मभर हार्डबोर्ड कापलेले होते. खिळे बारीक होते, गंजलेले, काही डोक्याशी तुटले. माल्कम दोनदा पुढं आला आणि दोनदा ग्वेंडानं त्याला कोपरानं मागं ढकललं. अर्ध्यावर आल्यावर बोर्ड वरून पुढं झुकला, तेव्हा काठी टेबलाला टेकवून एडना उठली आणि दोन्ही हातांनी तो धरून उभी राहिली. मूठ काढायला वेळ लागला. शेवटी कडाकडा आवाज करत फलक सुटला, आणि दोघी म्हाताऱ्यांनी तो फिरवून भिंतीला उभा केला, धुक्यातल्या मेंढरांच्या खाली.

खालून चार बोटं कापलेला होता. दार उंबऱ्याला घासू नये म्हणून. उजवीकडं मधोमध मुठीचं भोक. कडेनं खिळ्यांच्या जखमा. पण रंग! करडे काल वाळल्यासारखे, पांढरा दुधासारखा, मोहरीचा रंग अजून ओलसर वाटणारा. आणि डावीकडून तिसरा, वरपासून खालपर्यंत, लाल.

मिस फॅरंटच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं होतं. अगदी मन मारून का होईना, माल्कमलाही दिसलं असणार की खोलीतली सगळी मेंढरं एकदम मळकी झाली आहेत.

हेस्टर चार पावलं मागं गेली, टेबलाच्या कडेला टेकली. तिनं हा फलक चौतीस वर्षं मनात पाहिला होता, आणि मनात तो नेहमी मिस्टर प्रेस्टविचच्या भिंतीवर असायचा, त्यांच्या डोळ्यांनी बघितलेला. आता मध्ये कुणी नव्हतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, सावकाश, हिशेबानं.

"लाल चुकलाय," ती म्हणाली.

मिस फॅरंट हलकेच हसली. तो लाल तर सगळ्याचा केंद्रबिंदू आहे, ती म्हणाली. पुस्तकात तिनं त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. पुढचं सगळं काम त्याच्यातूनच निघालेलं आहे.

"तेच म्हणते मी. तेव्हापासून चुकलाय. मी घासून काढणार होते दुसऱ्या दिवशी. मला कळलं होतं." तिनं लाल पट्टीकडं बोट धरलं. "मला कळलं होतं, आणि एका खाटकाचं ऐकून मी ते सोडून दिलं."

मग ती मिस फॅरंटकडं वळली आणि प्रदर्शन पुढं ढकला म्हणाली. किती, ते सांगता येणार नाही. सहाही परत माडीवर आणा. चौथ्याचा लाल बदलायचा, म्हणजे पाचव्याचा आणि सहाव्याचा मोहरी बदलेल, आणि नंतरच्यांपैकी काही तर मुळातूनच परत बघावे लागतील.

इथं एक चमत्कार झाला. माल्कम आणि ग्वेंडा, जे पाव तासापूर्वी एकमेकांचे गळे धरणार होते, ते पुन्हा खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आमंत्रणं छापायला गेली आहेत, असं ग्वेंडा म्हणाली. होल्रॉइड लालचे ट्रे बनायला टाकलेत, असं माल्कम म्हणाला, आणि तेव्हा कुठं घरच्यांना कळलं की त्यानं ट्रे बनायला टाकलेत. वय काय, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी जिना चढू नको सांगितलेलं. लोक काय म्हणतील की बाईचं डोकं फिरलं. आयुष्यात एकदा नाव होतंय तर आपल्याच हातानं त्यावर पाणी कशाला ओतायचं, आई. मिस फॅरंटनंही शांतपणे सांगितलं की तो फलक आता इतिहास आहे, कलाकारालासुद्धा इतिहासाला हात लावता येत नाही. तिघं एका सुरात बोलत होते, तिघंही तिच्या भल्याचं.

एडना या सगळ्यात बोर्डाचा वरचा कोपरा धरून उभीच होती. पडू नये म्हणून.

"मला तर तो तेव्हाच भडक वाटला होता," ती म्हणाली.

हेस्टरनं तिच्याकडं पाहिलं. "तू पाहिलं होतंस हे?"

"पाहिलं म्हणजे? विल्फ खिळे मारत होता तेव्हा धरून कोण उभं होतं? असाच धरला होता. मला म्हणाला, डोळे मीट एडना, भोवळ येईल. मी काही मिटले नाहीत. चांगली बघत उभी होते." तिनं पुन्हा एकदा फलकाकडं मान वळवली, आणि जणू दुकानात कापड बघतेय अशी तोंड वाकडं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तो लाल तेवढा भडक. बाकीचं मला बरं वाटलं होतं. मी म्हटलंही त्याला, अरे बरं आहे की, दाराला कशाला लावतोस. पण तो कधी ऐकायचा कुणाचं?"

प्रेस्टविच नव्हताच हे कळल्यावर हेस्टरला आलं नव्हतं ते रडू आता आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. रस्त्यापलीकडं राहत होती ही बाई. दर रविवारी इथं बसून पुदिन्याची चटणी खात होती.

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू कधी विचारलंस?" एडना म्हणाली. "आणि तुझ्या जागी मी असते तर निळा घातला असता."

"निळा?" हेस्टरनं नाक पुसलं. "निळा कसा चालेल तिथं? शेजारी करडा आहे. मरेल तो."

"मला चालला असता."

"आई, बस जरा," ग्वेंडा म्हणाली. "गोडाचं रूबार्ब आणते. कस्टर्ड तयार आहे. शांतपणे बोलू."

हेस्टरनं पकड टेबलावर ठेवली, मेंढरांच्या चटईवर, आणि फलकाचा दुसरा कोपरा धरला. "उचल," ती एडनाला म्हणाली. "माडीवर चल. निळा का नाही ते दाखवते तुला."

"माझे गुडघे बघ आधी," एडना म्हणाली, आणि उचलला.